नरडाण्यात बिनछताची किट स्पोर्ट्स कार: कागद किती, खर्च किती, धोका कुठे

दोन आसनं, फायबरचं अंग, वर छत नाही आणि वजन साध्या हॅचबॅकपेक्षा कमी. अशी गाडी तुम्हाला नरडाण्यात ठेवायची आणि चालवायची असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. अशा व्यवहारात माणूस इंजिनाला कमी आणि कागदाला जास्त फसतो. हमरस्ता तुमच्या दारातून जातो, धुळ्याचं आरटीओ तीसेक किलोमीटरवर आहे, म्हणजे सोयी जवळच आहेत. कोणता कागद आधी पाहायचा आणि कुठे नाही म्हणायचं, एवढं कळलं पाहिजे.

स्वतः बांधू नका, पासिंग झालेली घ्या

लोटस सेव्हन ही १९५७ सालची ब्रिटिश गाडी. सुटे भाग घरी नेऊन जुळवायचे, ही पद्धत तिच्यामुळे बरीच लोकप्रिय झाली. ब्रिटनमध्ये घरी जुळवलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र सरकारी तपासणी होते आणि ती रस्त्यावर येते. आपल्याकडे खासगी मालकासाठी तशी सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२६ प्रमाणे गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या महाराष्ट्रातल्या संस्था. हे काम उत्पादकाचं आहे. एका गाडीसाठी हा खर्च कुणालाही परवडत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप उभी केली. आनंद महिंद्रांनी २०२१ मध्ये तिचं जाहीर कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही त्याच दमात सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. कौतुकानं पासिंग होत नाही, हे लक्षात ठेवा.

बिनपासिंगची गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्याहून मोठी जोखीम अपघाताची. अशा गाडीला विमा नसतो, त्यामुळे समोरच्याची सगळी भरपाई तुमच्या खिशातून जाते.

बाजारात काय मिळतं

महाराष्ट्रातली या जातीची ओळखीची गाडी म्हणजे अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर १.८ एस. घडण लोटस सेव्हनच्या वळणाची, अंग फायबरचं, इंजिन इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल. हिंदुस्तान मोटर्सच्या अ‍ॅम्बेसेडर १८०० आयएसझेडमध्येही इसुझूचंच १.८ लिटरचं इंजिन होतं. दुसरी सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म. तीही दोन आसनांची आणि फायबरचीच, पण इंजिन रेनोचं १.२ लिटरचं. दोन्ही गाड्या फार थोड्या बनल्या, त्यामुळे मिळाली तर जुनीच मिळेल. ठरलेला बाजारभाव नाही. विकणारा सांगेल तो आकडा ही फक्त सुरुवात समजा.

परदेशातून आणायचा विचार असेल तर हिशेब निराळा. जुनी गाडी तीन वर्षांहून जास्त वयाची चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि सीमाशुल्काचा बोजा प्रचंड असतो. त्या वेळचा दर कस्टम एजंटकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

तीन सापळे

पहिला: ‘जुन्या जीपचं बुक आहे, त्यावर ही गाडी चढवून देतो.’ हे सरळ नाकारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेली मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा मालकाला होते. चढवून देणारा तेव्हा फोन उचलत नाही.

दुसरा: ‘किट नवं कोरं आहे, जुळवायचं आणि पासिंग करायचं.’ १ एप्रिल २०२० पासून फक्त बीएस-६ गाड्यांची नवी नोंदणी होते. जुन्या मानकाचं इंजिन असलेली, कधीच नोंदणी न झालेली गाडी गोदामात कितीही चांगली राहिली असली तरी तिला आता नंबर मिळणार नाही. शोभेची वस्तू म्हणून किंमत ठरवायची तर ठरवा, गाडीची देऊ नका.

तिसरा: एकाच गाडीची दोन ठिकाणी नोंदणी. डीसी अवंती या स्पोर्ट्स कारच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये कारवाई केली, तेव्हा आरोप याच प्रकारचा होता. थोड्या संख्येनं बनलेल्या गाडीत हा धोका जास्त, कारण तुलना करायला दुसरी गाडी समोर नसते.

इसार देण्याआधी

चासीवर ठोकलेला नंबर स्वतः पाहा. पेन्सिलनं घासून त्याची प्रिंट घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिन नंबरचंही तेच. आरसीवर उत्पादकाचं नाव, आसनसंख्या २, इंधन आणि इंजिनाची क्षमता गाडीशी जुळली पाहिजे. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीची नोंद बघा: नोंदणी कधी संपते, बँकेचा बोजा आहे का, विमा कुठवर आहे. थकलेली ई-चलनं वेगळी तपासा. ती विकणाऱ्याकडून भरून घ्या.

‘इम्पोर्टेड’ हा शब्द आरसीवर कुठे आहे का, तेही बघा. इंजिन विदेशी असलं म्हणून गाडी आयात ठरत नाही, पण आरसीत तशी नोंद असेल तर नूतनीकरणाचं शुल्क आठपट होतं.

शेवटी विकणाऱ्याकडून एक यादी लिहून घ्या: ब्रेक कोणत्या गाडीचे, गिअरबॉक्स कोणता, चाकाचे बेअरिंग, दिवे, वायपर, रेडिएटर कुठले. लहान उत्पादक बरेच भाग दुसऱ्या गाड्यांचे वापरतात. ही यादी नसेल तर धुळ्यातला मेकॅनिक एकेक भाग ताडून पाहण्यात दिवस घालवेल आणि मजुरी तुम्ही द्याल.

नावावर करणं: कुठे, काय, किती

नरडाणा शिंदखेडा तालुक्यात, म्हणजे आरटीओ धुळ्याचं, एमएच-१८. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा.

कागद: मूळ आरसी, फॉर्म २९ आणि ३० (यांनाच सगळे ‘टीटी फॉर्म’ म्हणतात), चालू विमा, पीयूसी, दोघांचे आधार आणि पॅन, पत्त्याचा पुरावा, चासी प्रिंट. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र.

मुदत: विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. कोरे सही केलेले टीटी फॉर्म घरी ठेवून गाडी वापरू नका. मूळ मालकाशी संपर्क तुटला की मग काम अडतं.

शुल्क: नाव बदलण्याचे ३०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २००. एजंट याच कामाचे काही हजार मागेल. द्यायचे तर द्या, पण सरकारी पावत्या वेगळ्या मागा.

गाडी महाराष्ट्रातली असेल तर नंबर तोच राहतो आणि एकरकमी कर पुन्हा भरावा लागत नाही. बाहेरच्या राज्यातली असेल तर १२ महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला कर भरावा लागतो. नव्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के असा कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो. नेमका आकडा धुळ्यात आधी काढून घ्या आणि तो गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करा. आधीच्या राज्यातून परतावा मागता येतो, पण तो मिळायला वेळ लागतो. त्याच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

पंधरा वर्षांचा टप्पा

या गाड्यांत सर्वात मोठा लपलेला खर्च इथे असतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५ भरायचा आणि गाडी तपासणीला न्यायची. १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,००० रुपये. २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. आयात गाडी असेल तर ८०,०००. शिवाय पेट्रोल गाडीला पाच वर्षांचा पर्यावरण कर ३,०००.

उशीर झाला असेल तर दरमहा ५०० रुपये. नोंदणी संपून ३० महिने गाडी शेडमध्ये उभी असेल, तर १५,००० रुपये आधीच चढलेले असतात. ते विकणाऱ्याच्या माथी टाका.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारात, असं कुणी सांगून किंमत वाढवू किंवा पाडू पाहील. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली तर चालते.

विमा: फायबरचं कलम वाचा

१५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरानं ७,८९७ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ९,३२०. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण वेगळं. सॅन स्टॉर्मसारख्या १००० ते १५०० सीसीच्या गाडीला मूळ हप्ता ३,४१६.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण घेताना तीन गोष्टी आधी ठरवा. एक, गाडीची किंमत. बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता; ती पॉलिसीवर आकड्यात लिहून घ्या. दोन, घसारा. नुकसानभरपाईत फायबरच्या भागांवर ३० टक्के, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के कापले जातात. तुमचं सगळं अंगच फायबरचं, म्हणजे ४०,००० च्या पॅनेलमागे १२,००० तुमचे. तीन, बदल. सीट, चाकं, इंजिनातला कोणताही बदल कंपनीला कळवलेला नसेल, तर दावा नाकारायला ते पुरेसं आहे.

गाडी नावावर झाल्यावर १४ दिवसांत विमाही नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तेवढी फरकाची रक्कम भरावी लागते.

हातात किती ठेवायचे

समजा गाडी महाराष्ट्रातली, १.८ लिटरची, १५ ते २० वर्षांची, बोजा नाही, नूतनीकरण मात्र बाकी. नाव बदल आणि कार्ड ५००, नूतनीकरण ५,०००, पर्यावरण कर ३,०००, एचएसआरपी नंबरप्लेट जीएसटीसह सुमारे ८८०, थर्ड पार्टी विमा ९,३२०, पीयूसी सव्वाशे. बेरीज साधारण १९,००० रुपये. ३० महिन्यांचा उशीर असेल तर ३४,०००. यात एजंट, दुरुस्ती आणि वाहतूक धरलेली नाही.

अलिबागहून नरडाणा चारशे किलोमीटरहून जास्त, मध्ये कसारा घाट. नोंदणी किंवा विमा संपलेली गाडी चालवत आणू नका. ट्रकवर चढवा, भाडं आधी ठरवा आणि उतरवण्याचे पैसे त्यात आहेत का ते विचारा. इतक्या खाली बसलेल्या गाडीला लांब उताराची फळी लागते, नाहीतर पोट घासतं.

खान्देशात चालवताना

रस्ता मोठा आहे, पण तो अवजड ट्रकांचा आहे. मुंबई-आग्रा मार्गावर तुमचं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीला येतं. चालकाच्या आरशात तुम्ही दिसत नाही. ट्रकशेजारी रेंगाळू नका आणि रात्रीचा प्रवास टाळा. या जुन्या गाड्यांत एअरबॅग नाहीत. पट्टा लावाच, मुलांना या गाडीतून महामार्गावर नेऊ नका.

ऊन: मे महिन्यात पारा ४३-४४ पर्यंत जातो. सकाळी नऊच्या आत फिरा. नवा रेडिएटर पंखा आणि होज हा घेतल्याबरोबर करायचा खर्च, कारण सोनगीरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की इंजिन तापतं.

पेट्रोल: पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बदलून घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका.

गतिरोधक: प्रमाणित उंची १० सेंटीमीटर, गावातले पुष्कळदा त्याहून उंच. दोघं बसलेले असताना गाडीच्या पोटाखाली टेप लावून माप घ्या. १२ सेंटीमीटरच्या आत असेल तर रोजच्या वापराचा विचार सोडा.

टोल: सोनगीर आणि शिरपूर दोन्ही बाजूंना नाके आहेत. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना मासिक पास मिळतो, त्यासाठी आरसीवर इथला पत्ता हवा. लांब फिरणार असाल तर वार्षिक फास्टॅग पास. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा २०० फेऱ्यांना ३,००० रुपये होता. टॅग काचेवर चिकटवा. हातात धरून दाखवलेला टॅग काळ्या यादीत जातो.

पावसाळा: बंद शेड नसेल तर ही गाडी घेऊच नका. ताडपत्रीखाली ओल धरते, वायरिंग कुरतडलं जातं आणि एका पावसाळ्यात आसनं जातात.

क्रम हाच ठेवा

आधी आरसी आणि चासी नंबर. मग धुळ्याला जाऊन कर आणि थकबाकीचा आकडा. मग विम्याचं लेखी कोटेशन. मग मेकॅनिकला सोबत नेऊन गाडीची पाहणी. त्यानंतर इसार, तोही बँकेतून आणि ‘कागद न झाल्यास रक्कम परत’ या लेखी अटीवर. उरलेले पैसे एनओसी आणि सही केलेले टीटी फॉर्म हातात पडल्यावर. विकणारा हा क्रम उलटा करायला लावत असेल, तर ती गाडी सोडा.