पाच माणसं, अडीच तिकिटं



गेल्या वर्षी प्रथम सत्राच्या परीक्षेत सातवीला निबंध दिला होता, 'मी केलेला प्रवास'. पेपर तपासायला बसले आणि तिसऱ्या-चौथ्या पेपरलाच लक्षात आलं की अर्धा वर्ग महाबळेश्वरला जाऊन आला आहे. सगळ्यांनी एकच सूर्योदय पाहिला होता आणि सगळ्यांचं मन त्याच शब्दांत प्रसन्न झालं होतं. मार्गदर्शकातला निबंध, दुसरं काय! मीही सवयीने पाचपैकी चार, साडेतीन असे गुण देत गेले.

एका मुलीने मात्र फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या. "आम्ही कुठे जात नाही. बाबांची सुट्टी गुरुवारी असते, आमची रविवारी, आणि पैसे पण लागतात." मी तिला पाचपैकी दोन गुण दिले. शेरा मारला, 'विस्तार करा'.

पेपर वाटल्यावर तिने तो शेरा वाचला, पेपराची घडी घातली आणि दप्तरात ठेवला. काही बोलली नाही. घरी आल्यावर मला ते टोचत राहिलं. संपूर्ण वर्गात खरं लिहिणारी ती एकटी आणि सर्वांत कमी गुण तिलाच. कशाचा विस्तार करणार होती ती?

तेव्हा ठरवलं, प्रवासाचा निबंध द्यायचा तर आधी प्रवास करायला शिकवायचं. कमी पैशांत, कमी वेळात, आयत्या वेळी ठरवूनही तो करता येतो, हे आधी स्वतः करून बघायचं. मगच वर्गात बोलायचं.

शुक्रवारी रात्रीची बैठक

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी मुलांसमोर कागद-पेन ठेवलं. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. म्हटलं, "उद्या शाळा सकाळची आहे. सुटल्यावर निघायचं, रविवारी संध्याकाळी परत. चार हजार रुपये आहेत, एक रुपया जास्त नाही. कुठे जायचं आणि कसं, ते तुम्ही ठरवा."

आम्ही भोसरीत राहतो. पुणे-नाशिक रस्ता दारातच, म्हणून जुन्नर ठरलं. शिवनेरी दोघांचाही शाळेच्या सहलीत पाहून झाला होता. लेण्याद्री, नाणेघाट आणि माळशेज अशी तीन नावं कागदावर आली आणि मुलांनी पहिला हिशेब मांडला.

- एकूण अंतर ३२० किमी. गाडी लिटरला १६ किमी देते, म्हणजे २० लिटर. भाव १०५ रुपये धरून २१०० रुपये.
- जुन्नरला एका खोलीचं भाडं १००० रुपये (फोन करून विचारलं).
- टोल आणि पार्किंग २५० रुपये.
- लेण्याद्रीचं तिकीट माणशी २५ रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून ५० रुपये.
- शनिवारचं रात्रीचं जेवण ६००, रविवारचा नाश्ता २४०, दुपारचं जेवण ४८०, चहा-खाऊ ३०० रुपये.

बेरीज ५०२० रुपये. मुलाचा चेहरा पडला. "म्हणजे जायचं नाही?"

"म्हणजे काहीतरी कमी करायचं," मुलगी म्हणाली. मग खरी चर्चा झाली. माळशेजला गेलो नाही तर ८० किमी वाचतात, म्हणजे पाच लिटर, ५२५ रुपये. यावर मुलगा पाच मिनिटं रुसला, पण आकडा बघून तयार झाला. शनिवारी रात्रीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, सकाळसाठी चिवडा-लाडू घरून न्यायचे ठरले. त्यात ८४० वाचले. उरले ३६५५ रुपये.

"बसलं!" मुलगा ओरडला. त्यावर त्याच्या बाबांनी एकच प्रश्न विचारला, "आणि गाडी पंक्चर झाली तर?"

म्हणून दहा टक्के, म्हणजे ४०० रुपये, अडीनडीला बाजूला काढले. पुन्हा बेरीज ४०५५. पंचावन्न रुपये जास्त! शेवटी चहा-खाऊच्या ३०० मधून ५५ कापले आणि घरचा थर्मास काढला. बरोब्बर ४०००.

गणिताच्या पुस्तकात नफा-तोटा आणि शेकडेवारी शिकवताना मी एवढी तळमळ कधी पाहिली नव्हती. इथे उत्तर चुकलं असतं तर सहल गेली असती ना!

रस्त्यावरचे धडे

शनिवारी साडेबाराला निघालो. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. मुलीच्या हातात वही. किलोमीटरचा काटा आणि वेळ दर गावाला लिहायची, वेग काढायची. नारायणगावच्या परिसरात महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत. खोडदच्या या प्रकल्पात अशा ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. ४५ मीटर म्हणजे केवढं? मुलांनी आमच्या शाळेच्या इमारतीशी तुलना केली आणि गप्प झाली.

त्याआधी मंचरजवळ गाडी खरंच पंक्चर झाली होती. १५० रुपये गेले. पण कोणाची चिडचिड झाली नाही, कारण ते पैसे आधीच 'गेलेले' होते. मुलाने वहीत 'अडीनडी - १५०' लिहिलं आणि खाली '२५० शिल्लक' असं अधोरेखित केलं.

लेण्याद्रीला डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्याच एका विहारात अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे. पायऱ्या चढताना मुलांनी मोजायला सुरुवात केली. दोघांची बेरीज वेगवेगळी आली, त्यावरून उतरताना पुन्हा मोजणी झाली. जुन्नर तालुक्यात एवढी लेणी का, हा प्रश्न मुलीने विचारला. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मिळालं.

रविवारी पहाटे नाणेघाट गाठला. कोकणातून देशावर चढणारी ही जुनी व्यापारी वाट. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच घाटाने वर येऊन जुन्नर आणि पुढे पैठणकडे जायचा. व्यापारी आले, पैसा आला, त्यातून भिक्षूंच्या लेण्यांना दानं मिळाली. आदल्या दिवशीचं उत्तर समोर उभं होतं.

घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. मुलगा म्हणाला, "म्हणजे तेव्हाचा फास्टॅग!"

शेजारच्या गुहेत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात काय आहे, हे सांगितल्यावर मुलं हसायलाच लागली. तो हिशेब आहे! कोणत्या यज्ञात किती गायी, घोडे, हत्ती, किती कार्षापण नाणी दिली, त्याची आकड्यांसकट यादी. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या अंकांपैकी काही अंक इथे कोरलेले आहेत. एकसाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा. शून्य नाही, आणि आपल्यासारखी एकक-दशकाची स्थानंही नाहीत.

मुलीने आपली वही उघडून त्या भिंतीसमोर धरली. "राणीनेही लिहून ठेवलं म्हणून कळलं," एवढंच म्हणाली. स्थानिक किंमत हा धडा मी वीस वर्षं शिकवते आहे, पण शून्य नसलेला हिशेब मुलांना दाखवायला कधी आणलं नव्हतं.

घाटघरला पिठलं-भाकरी खाऊन संध्याकाळी घरी आलो. अडीनडीचे २५० रुपये मुलाने माझ्या हातात मोजून दिले.

वर्गातला उपक्रम

जानेवारीत हाच उपक्रम सातवीत घेतला. तुम्हालाही घेता येईल. पायऱ्या अशा :

१. आधी रक्कम ठरवा, ठिकाण नंतर. आपण उलटं करतो, म्हणून खर्च हाताबाहेर जातो.

२. प्रत्येकाने आपल्या घराला परवडेल ती रक्कम स्वतः निवडावी. ती वर्गात मोठ्याने वाचायची नाही. ३०० रुपयांची योजनाही योजनाच.

३. दहा टक्के अडीनडीला आधी बाजूला काढा.

४. अंतर नकाशावरून काढा. जाण्यायेण्याचं दोन्ही धरा. मुलं परतीचं अंतर हमखास विसरतात.

५. दोन दिवसांत दोनच ठिकाणं, एका दिवसात एकच. पाच ठिकाणं धावत पाहिली तर पेट्रोलही जळतं आणि आठवतही काही नाही.

६. एक वेळचं जेवण तरी घरून. सर्वांत मोठी बचत इथेच होते.

७. गाडी नसेल तर एस.टी. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवास. आधार कार्ड जवळ असू द्यावं. गाड्यांच्या वेळा स्थानकावर स्वतः विचारून याव्यात. हाही अभ्यासच आहे.

पालकांना एक विनंती. पावसाळ्यात नाणेघाटासारख्या ठिकाणी धुकं दाटतं, दगड निसरडे होतात. कड्याच्या टोकाशी फोटोसाठी जाऊ नका. आयत्या वेळी ठरवलेल्या सहलीत घाई तेवढी नको. अंधार पडायच्या आत घाट उतरून झालेला असावा, आणि थकलेल्या माणसाने गाडी चालवू नये. पैसे वाचवायला रात्रभर गाडी हाकणं ही बचत नव्हे.

अडीच तिकिटं

उपक्रमात त्या मुलीने नारायणगावजवळचं ओझर निवडलं. कारण लिहिलं होतं, "आजीला विघ्नेश्वराचं दर्शन घ्यायचंय आणि तिला चढता येत नाही. ओझरला चढ नाही." पुढे तिकिटांचा तक्ता. बाबा एक, आई अर्धं, ती अर्धं, नऊ वर्षांचा भाऊ अर्धं, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी शून्य. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पाच माणसं, अडीच तिकिटं.'

अपूर्णांकांची बेरीज मी शिकवली होती. ती अशी वापरताना मात्र पहिल्यांदाच पाहत होते. डबा घरचा. नारायणगावपासून पुढे रिक्षा, तिचं भाडं शेजारच्या काकांना विचारून लिहिलेलं. सगळा खर्च हजाराच्या आत.

मी तिला म्हटलं, "हे बाबांना दाखव."

"दाखवलं बाई. बाबा म्हणाले, आजीचं तिकीट खरंच लागत नाही का, ते आधी विचारून ये."

ती स्थानकावर जाऊन विचारूनही आली होती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात ती, आता आठवीत गेलेली, शिक्षकखोलीच्या दाराशी आली. हातात वही. मे महिन्यात एका बुधवारी रात्री बाबांनी विचारलं, "उद्या जायचं का?" बाबांची सुट्टी गुरुवारची आणि मुलांना सुट्टी लागलेली, त्यामुळे दिवस जुळला होता. तयारी तर जानेवारीतच झाली होती!

निबंध तीन पानांचा होता. त्यात सूर्योदय नव्हता. मधल्या एका स्थानकावर गाडीला लागलेला उशीर होता, भावाला गाडी लागली ते होतं, आणि देवळाच्या ओवरीत बसून आजीने डब्यातली पोळी कशी निवांत खाल्ली, ते होतं. शेवटी हिशेब. ठरल्यापेक्षा ४० रुपये जास्त गेले, ते कशावर, तेही लिहिलं होतं : उसाचा रस.

मी वाचलं आणि पेन हातात घेतलं. ती पटकन म्हणाली, "बाई, गुण नकोत. नुसतं दाखवायला आणलंय."

मी पेन खाली ठेवलं. मग तिला म्हटलं, "गेल्या वर्षी तुझ्या पेपरावर मी 'विस्तार करा' लिहिलं होतं. ते चुकलं माझं. त्या दोन ओळी खऱ्या होत्या."

तिने मान हलवली, वही घेतली आणि वर्गाकडे गेली.

यंदा प्रथम सत्राला निबंधाचा विषय मी बदलला आहे. 'मी केलेला किंवा मला करायचा असलेला प्रवास, हिशेबासह.' तुमच्या वर्गातही देऊन बघा.