डोळ्यातली वीज
‘डोळ्याच्या कडेला वीज चमकते, काळे ठिपके तरंगतात’ असे आजोबा अचानक म्हणू लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ घन सेंमी पारदर्शक जेली असते. उतारवयात ती आक्रसते, दृष्टिपटलापासून सुटते आणि क्वचित त्याला फाडते. पटलाला ओढ बसली तरी मेंदूला ती प्रकाशच वाटते. बिचाऱ्याला दुसरी भाषाच ठाऊक नाही!

शंभरांतील सुमारे सहा प्रौढांच्या पटलावर एखादे छिद्र आढळते. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण फाटीतून पाणी मागे शिरले, की ओल धरलेल्या गिलाव्यासारखे पटल सुटते. असे वर्षाला दहा हजारांत सुमारे एकाला होते. मग शस्त्रक्रियाच करावी लागते.

त्याआधी गाठले तर लेसर पुरतो. हिरवा प्रकाश जेलीतून आरपार जातो, पण पटलामागच्या काळ्या रंगद्रव्यात शोषला जातो. तेथे उष्णता निर्माण होते, फाटीभोवती व्रण उठतात आणि पटल चिकटते. १९४५ च्या सूर्यग्रहणात भाजलेले डोळे पाहून जर्मन नेत्रतज्ज्ञ मायर-श्विकेराथ यांना प्रकाशाने डागण्याची ही कल्पना सुचली.

चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल, तर हे तरुणपणीही घडू शकते.