झोपेची गोळी : कोणासाठी आणि किती दिवस?

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला रात्रीचे जागरण नवे नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेतावर जागल करावी लागते. कृषिपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असली म्हणजे ओलीतही रात्रीच उरकावे लागते. हंगाम सरल्यावरही काहींची झोप मोडलेलीच राहते. मग कोणीतरी शेजारी आपल्या पट्टीतील एक गोळी काढून देतो. त्या रात्री गाढ झोप लागते आणि तिथूनच पुढील अडचणींना प्रारंभ होतो.

झोप न मिळणे आणि झोप न येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जागल करणाऱ्याला झोपावयास सवडच नसते. त्याला विश्रांती हवी, औषध नव्हे. अंथरुणावर पडूनही झोप न येणे, वारंवार जाग येणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, आणि त्यामुळे दिवसाच्या कामात व्यत्यय येणे, याला निद्रानाश म्हणतात. आठवड्यातून निदान तीन रात्री असे होऊन ते तीन महिने टिकले, तर तो दीर्घकालीन निद्रानाश समजला जातो. त्यामागे सांधेदुखी, दमा, थायरॉइडचा विकार, रात्री उशिराचा चहा, मद्य किंवा मनावरील ताण यांपैकी काहीही असू शकते. कारण न शोधता दिलेली गोळी मूळ विकार झाकून ठेवते.

या औषधांचा इतिहास बोधप्रद आहे. पूर्वी बार्बिट्युरेट वर्गातील औषधे देत असत. त्यांची मात्रा थोडी वाढली तरी श्वास बंद पडून मृत्यू येई. 1960 मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि 1963 मध्ये डायझेपाम बाजारात आले, आणि अखेर निर्धोक गोळी सापडली असे जगाला वाटले. मात्र तीही काही आठवड्यांत अंगवळणी पडते, तीच मात्रा पुरेनाशी होते आणि सोडू म्हटले तर सुटत नाही, हे पुढे लक्षात आले. नंतर आलेले झोल्पिडेमही या दोषापासून मुक्त नाही. ते घेतल्यावर काहीजण झोपेतच चालतात किंवा वाहन चालवतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये त्याच्या माहितीपत्रकात याविषयी कडक इशारा छापावयास लावला.

म्हणून ही गोळी साधारणतः दोन ते चार आठवड्यांपुरती, कमीत कमी मात्रेत आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी आहे त्यानेच घ्यावयाची असते. पुढचे सात-आठ तास झोपेसाठी मोकळे असतील तेव्हाच, अंथरुणावर पडण्यापूर्वी ती घ्यावी. मध्यरात्री जाग आली म्हणून दुसरी गोळी घेऊ नये. सकाळी गुंगी असेल तर मोटारसायकल, ट्रॅक्टर व मळणीयंत्र यांपासून दूर राहावे. मद्याबरोबर किंवा ट्रामाडॉल, कोडीन यांसारख्या वेदनाशामक औषधांबरोबर ती घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते. जिल्ह्यात दारूबंदी आहे, एवढ्यावरून डॉक्टरांनी हा प्रश्न विचारण्याचे टाळू नये आणि रुग्णाने उत्तर लपवू नये. मोठ्याने घोरणारे, झोपेत श्वास अडखळणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी तर ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

वृद्धांच्या शरीरातून ही औषधे सावकाश बाहेर पडतात. रात्री लघवीस उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्यामुळे वाढतो, आणि दिवसा होणारी विस्मृती म्हातारपणाच्या खाती जमा होते!

वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याने हे वाचून ती आजच बंद करू नये. एकाएकी सोडल्यास झोप पूर्वीपेक्षा बिघडते, घबराट होते, प्रसंगी आकडीही येते. डॉक्टर आठवड्या-आठवड्याने मात्रा थोडीथोडी उतरवतात.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे मार्च 2014 पासून ‘एच-1’ परिशिष्टात आहेत. ती विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे परिमाण यांची वेगळ्या नोंदवहीत नोंद करणे व ती नोंदवही तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक आहे. चिठ्ठी मागणारा दुकानदार अडवणूक करीत नसतो, हे ग्रामसभेत एकदा सांगितले गेले तर बरे.

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी व विचार बदलण्याची पद्धत हा आहे, असे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सुचविले. रोज एकाच वेळी उठणे, झोप आल्याशिवाय अंथरुणावर न जाणे, झोप न लागल्यास उठून बसणे, दुपारची लांब झोप टाळणे ही तिची मुख्य अंगे. गोळीइतका तत्काळ गुण येत नाही, पण आलेला गुण टिकतो.

2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने विशेष योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. येथे हा विषय केवळ झोपेचा राहत नाही. पहाटे तीनला जाग येणे, अन्नावरची वासना उडणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. केवळ झोपेच्या गोळीने नैराश्य बरे होत नाही. अशा घरात गोळ्यांचा साठा नसावा. थोड्या दिवसांपुरत्याच आणून त्या, आणि कीटकनाशकेही, दुसऱ्याच्या ताब्यात कुलुपात ठेवाव्यात. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे कोणी बोलून दाखविल्यास त्याला एकटे सोडू नये. 14416 या ‘टेलिमानस’ क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे जिल्हा सामान्य रुग्णालयात, 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी उभारलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत किंवा सावंगी (मेघे) येथील रुग्णालयात जाता येते. जाताना घरातील सर्व औषधांच्या पट्ट्या, शेजाऱ्याने दिलेल्यासुद्धा, पिशवीत घालून सोबत न्याव्यात.