‘जरा’ शुगर आहे: गीता १३.८ चं चिंतन



आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ८ (काही प्रतींमध्ये याचा क्रमांक ९ आहे).

कालपासून आपण ज्ञानाची लक्षणं पाहतोय. भगवंत अर्जुनाला सांगतायत की ज्ञानी माणूस कसा ओळखायचा. या श्लोकात ते तीन गोष्टी सांगतात. पहिली, इंद्रियांना आवडणाऱ्या विषयांबद्दल विरक्ती. दुसरी, अहंकार नसणं. आणि तिसरी, जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांत जे दुःख आहे, जो दोष आहे, तो पुन्हा पुन्हा पाहणं. या शेवटच्या गोष्टीसाठी श्लोकात ‘अनुदर्शन’ असा शब्द आहे. एकदा बघून तोंड फिरवायचं नाही, बघत राहायचं.

जरा म्हणजे म्हातारपण, व्याधी म्हणजे आजार. हा श्लोक आपल्या घरात कुठे दिसतो? माझ्या मते जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या गोळ्यांच्या डब्यात. आपल्याकडे आजी-आजोबांना विचारलं, “तब्येत कशी आहे?” की उत्तर येतं, “बाकी ठीक, जरा शुगर आहे.” या ‘जरा’त दोन्ही अर्थ आले बघा! म्हणून आज हा श्लोक मधुमेहाच्या अंगाने समजून घेऊ या.

पाहणं म्हणजे घाबरणं नाही

या श्लोकावर ज्ञानेश्वर माऊलींनी फार विस्ताराने लिहिलंय. ज्ञानी माणूस म्हातारपण येण्याआधीच, भर तारुण्यात, ते डोळ्यांसमोर आणतो, असं ते म्हणतात. आज भरलेलं हे शरीर उद्या वाळलेल्या काचरीसारखं होईल, कमळाशी स्पर्धा करणारे डोळे पिकलेल्या पडवळासारखे होतील, अशी चित्रं ते एकामागून एक उभी करतात. व्याधीबद्दल त्यांचं सांगणं असं की रोग समोर येऊन उभे राहण्याआधी आरोग्य सत्कारणी लावावं.

आता हे कोण लिहितंय? परंपरेप्रमाणे माऊलींचा जन्म शके ११९७ चा (इ.स. १२७५) आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ ची (इ.स. १२९०). म्हणजे पंधरा वर्षांचा मुलगा म्हातारपणाकडे इतकं टक लावून पाहतोय, आणि त्यात कुठेही भीती नाही, किळस नाही. “हे माझंही होणार आहे” एवढं स्वच्छ भान आहे. त्यामुळे हा श्लोक ‘सीनियर सिटिझन’साठी आहे असं समजून पुढे स्क्रोल करू नका. तो आधी आपल्यासाठी आहे.

याच्या उलट उदाहरण ययातीचं. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आलं, ते त्याला सोसवेना. त्याने मुलांना विचारलं, माझी जरा कोण घेतं? शेवटी पुरूने ती घेतली. ययातीने कितीतरी वर्षं भोग घेतले आणि मग त्याला कळलं की भोगाने भूक शमत नाही, वाढते. तेव्हा कुठे त्याने मुलाचं तारुण्य परत केलं. आपली जरा पाहायला नकार दिला की तिचं ओझं दुसऱ्या कुणावर तरी पडतं, हे या कथेत फार स्पष्ट आहे. रिपोर्ट कपाटात लपवून ठेवला तरी पुढची धावपळ घरच्यांनाच करावी लागते.

मधुमेहात ‘पाहणं’ अगदी शब्दशः शक्य आहे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ किंवा जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तेवढीच, तर मधुमेह. एचबीए१सी ही तपासणी साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या आत चांगलं, ६.५ पासून पुढे मधुमेह. रक्त द्यायच्या आधी चार दिवस गोड बंद करणारे काका-मावशी प्रत्येक घरात असतात; पण एचबीए१सी काही त्या चार दिवसांना फसत नाही! तो आकडा म्हणजे परीक्षेचा निकाल नाही. आपण चांगले भक्त की वाईट, हेही तो ठरवत नाही. तो फक्त दर्शन घडवतो. वाढलेला आकडा बघून लाज वाटली की माणूस तपासणंच सोडतो, आणि अनुदर्शन तिथेच तुटतं.

विरक्ती: जिभेची

विरक्ती म्हटलं की आपल्याला हिमालय आठवतो. पण सत्तरीतल्या आजीसाठी विरक्ती म्हणजे दुसरी पुरणपोळी न घेणं. आणि ही काही सोपी तपश्चर्या नाही हं! आयुष्यभर जिने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, तिला आता तोच आग्रह नाकारायचा असतो.

इथे दोन प्रश्न नेहमी येतात.

पहिला प्रसादाचा. “प्रसादाला नाही कसं म्हणायचं?” नाही म्हणूच नये. पण प्रसाद कणभर घेतला, कपाळाला लावला, जिभेवर ठेवला, तरी तो पूर्णच असतो. वाटीभर शिरा हे माप आपलं असतं, देवाचं नाही.

दुसरा उपवासाचा. सहाव्या अध्यायात (श्लोक १६ आणि १७) भगवंत स्पष्ट सांगतात की फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, झोप, सगळं युक्त हवं. आपल्या एकादशीत मात्र कधी कधी दोन्ही टोकं एकाच दिवशी गाठली जातात. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत पोट रिकामं, आणि मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यामुळे साखर झपाट्याने चढते. त्याआधी, रिकाम्या पोटी, इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या गोळ्यांमुळे ती धोकादायकरीत्या खाली गेलेली असू शकते. म्हणून उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्या दिवशीचा डोस ठरवून घ्या. आणि ते नको म्हणाले तर त्या दिवशी नामस्मरण वाढवा. नामाने साखर ना वाढते ना कमी होते. मन मात्र स्थिर होतं.

साखर कमी होते तेव्हा

हा भाग कृपया नीट वाचा, कारण आपण सगळे फक्त वाढलेल्या साखरेला घाबरतो.

साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, खूप भूक लागते. वयस्कर माणसांत मात्र ही लक्षणं नेहमी एवढी ठळक नसतात. कधी नुसता गोंधळ उडतो, शब्द सापडत नाहीत, चिडचिड होते, तोल जातो. घरातले म्हणतात, “वय झालं आता.” वय झालेलं असतंच, पण त्या क्षणी कदाचित साखर उतरलेली असते. वयानुसार मूत्रपिंडाचं काम मंदावतं, त्यामुळे काही औषधांचा असर शरीरात जास्त वेळ राहतो. काल चालणारा डोस आज जड होऊ शकतो तो यामुळेच.

अशा वेळी लगेच मोजा. ७० च्या खाली असेल, किंवा मोजायला साधनच नसेल, आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

अनहंकार: दोन्ही बाजूंचा

म्हातारपणी अहंकार फार साध्या वाक्यांत लपतो. “मला काठी नको.” “एवढी वर्षं एकटा बँकेत जातोय.” “इन्सुलिन? म्हणजे माझं संपलंच की!” खरं तर मधुमेह जुना होत जातो तसं स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद अनेकांत कमी होत जाते. पथ्य पाळूनही औषध वाढू शकतं. ती शिक्षा नाही आणि अपयशही नाही.

आणि आपला अहंकार? तो “मी सांगतोय ना!”मध्ये असतो. आजीच्या ताटावर पहारा, व्हॉट्सॲपवर डाएट चार्ट, आणि पाहुण्यांसमोर “हिला गोड देऊ नका.” तिच्या शरीराची काळजी घेता घेता आपण तिचा मान घालवतो. त्यापेक्षा जेवणानंतर पंधरा मिनिटं तिच्याबरोबर चालू या. आपण खातो त्यातली बरीचशी साखर स्नायू वापरतात, आणि वयानुसार स्नायूच झिजतात. म्हणून चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, असे झेपतील ते व्यायाम वयस्करांनाही हवेत. सोबत असली तर ते रोज होतात.

आणखी एक. आपण वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो ना? पुढच्या वेळी पाया पडताना पाय *पाहा*. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली आणि फोड आला, तरी कळत नाही. तो चिघळला की गोष्ट बोटापर्यंत, पायापर्यंत जाऊ शकते. रोज रात्री तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या. आजोबांना वाकता येत नाही, आपल्याला येतं. नमस्काराला डोळे जोडले की तीच सेवा.

मग स्वीकार म्हणजे काय?

“भोग आहेत, भोगायचे” असं म्हणून गोळ्या सोडणं म्हणजे स्वीकार नव्हे. आणि ऐंशीव्या वर्षी चाळिशीतला रिपोर्ट मागणं हीही आसक्तीच.

वैद्यकशास्त्रसुद्धा हे मानतं. तब्येतीने बऱ्या असलेल्या ज्येष्ठांसाठी एचबीए१सी साधारण ७ ते ७.५ च्या आत चालतं. अनेक आजार असतील, तर डॉक्टर ८ पर्यंतही ठेवतात. कारण त्या वयात आकडा ओढून खाली आणण्यापेक्षा साखर एकदम उतरून पडणं, हाड मोडणं जास्त घातक ठरतं. म्हणजे उपचारातही कुठे प्रयत्न करायचा आणि कुठे सैल सोडायचं, हा विवेक आहेच. गीता हेच शिकवते: आजचं पथ्य, आजची गोळी, आजचं चालणं आपल्या हातात, शरीर किती साथ देईल ते आपल्या हातात नाही. प्रयत्न पूर्ण करायचा आणि निकालावरची मूठ सैल करायची. शरीर उतरणीला लागलं तरी त्याला पाहणारा उतरणीला लागत नाही. तेराव्या अध्यायाचा सगळा रोख याच पाहणाऱ्याकडे, क्षेत्रज्ञाकडे आहे.

आजचा अभ्यास

१. घरातल्या ज्येष्ठांना “शुगर किती आली?” विचारण्याआधी “आज कसं वाटतंय?” विचारा. मग आकडा विचारा, आणि तो कितीही असला तरी चेहरा शांत ठेवा.

२. तीन चमचे साखरेची एक पुडी आजोबांच्या पिशवीत आणि एक देवघराजवळ ठेवा. ती कशासाठी आहे ते घरात सगळ्यांना सांगा.

३. तुमची तिशी उलटली असेल किंवा घरात मधुमेह असेल, तर स्वतःची साखर तपासून घ्या. अनुदर्शन स्वतःपासून सुरू होतं.

४. झोपताना पाच मिनिटं डोळे मिटून बसा. स्वतःला ऐंशीव्या वर्षी पाहा. त्या माणसाशी प्रेमाने वागा.

प्रार्थना

हे पांडुरंगा, जे बदलणार आहे ते न घाबरता पाहण्याची दृष्टी दे. जोवर हात चालतात, तोवर त्यांना कुणाच्या तरी पायांची सेवा मिळू दे. आणि हात थकतील तेव्हा दुसऱ्याचा हात धरायला लाज वाटू देऊ नकोस.

उद्या पुढचा श्लोक घेऊ: घर, मुलंबाळं आणि आसक्ती.

राम कृष्ण हरि! 🙏