शाळेतील मानसतज्ज्ञ : पात्रता, शिक्षण आणि आपले कर्तव्य

मुलाला ताप आला म्हणजे आपण डॉक्टरकडे जातो आणि जाण्यापूर्वी त्याच्या पाटीवरील पदवी वाचून घेतो. परंतु तेच मूल अभ्यासात एकाएकी मागे पडू लागले, शाळेत जाताना रडू लागले किंवा वर्गात मुके होऊन बसू लागले, तर कोणाकडे जावे आणि त्याच्या पाटीवर काय वाचावे, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. महोत्सवाच्या या स्मरणिकेत त्याच विषयाचा थोडा अभ्यास सभासदांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

याला कारण झालेला प्रसंग प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी लष्करातील एका मराठी कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलाचा अर्ज शिष्यवृत्तीसाठी आमच्यापुढे आला होता. मुलगा तोंडी हिशेब चटकन करी, आजीने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी पुन्हा सांगे. पण पुस्तक हाती दिले की अडखळे. शाळेने बोलाविलेल्या एका गृहस्थांनी तासाभरात इंग्रजीतून त्याची चाचणी घेऊन, मुलाची बुद्धी सामान्यापेक्षा बरीच कमी आहे, असा एक पानी अहवाल दिला होता. तो अहवाल अर्जास जोडलेला होता, आणि आम्ही तो वाचून अर्ज बाजूला ठेवला. वडिलांनी मुलाला शाळेतून काढून दुकानावर बसविण्याचा विचार चालविला.

पुढे एका जाणत्या शिक्षिकेच्या सल्ल्यावरून आईने त्याला योग्य पात्रतेच्या मानसतज्ज्ञाकडे नेले. त्या बाईंनी आधी डोळे व कान तपासून आणावयास सांगितले, आईशी तासभर बोलणे केले, मुलाच्या वह्या चाळल्या आणि तीन बैठकांत, मराठीतून व हिंदीतून, त्याची परीक्षा केली. बुद्धी उत्तम होती. अडचण फक्त वाचनाची होती आणि तिला शास्त्रात नाव होते, उपाय होता व कायद्यात सवलतही होती. मुलगा शाळेतच राहिला. आम्ही मात्र तो पहिला कागद पुन्हा काढून वाचला, तेव्हा ध्यानात आले की त्यावर चाचणीचे नाव नव्हते, चाचणी कोणत्या भाषेत घेतली हे नव्हते आणि सही करणाराची पात्रताही नव्हती. हे तिन्ही प्रश्न आम्ही विचारावयास हवे होते, विचारले नाहीत.

हे काम कोणाचे?

ग्वाल्हेरात मानसतज्ज्ञ हा शब्द काढला की जुन्या माणसांना येथील मानसिक आरोग्यशाळा आठवते आणि बोलणे तेथेच थांबते. वास्तविक या क्षेत्रात निरनिराळी माणसे निरनिराळे काम करतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो; औषध देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सा मानसतज्ज्ञ हा मानसशास्त्राचा पदवीधर असून तो चाचण्यांनी निदान करतो व बोलण्याच्या आणि वर्तनाच्या पद्धतींनी उपचार करतो. समुपदेशक मुलाची अडचण ऐकून घेतो, त्याला वाट शोधण्यास साह्य करतो. विशेष शिक्षक वाचन-लेखन वेगळ्या रीतीने शिकवितो. शालेय मानसतज्ज्ञ हा या सर्वांच्या मध्ये उभा असतो. मूल, शिक्षक आणि पालक या तिघांनाही तो भेटतो, अडचण मुलात आहे, शिकविण्याच्या रीतीत आहे की घरच्या परिस्थितीत आहे हे पारखतो, आणि आवश्यक तर योग्य जागी पाठवितो. म्हणजे मानसशास्त्र आणि शाळा ही दोन्ही त्याला आतून माहीत असावी लागतात. यातील एकच जाणणारा मनुष्य या कामास अपुरा पडतो.

या शास्त्राची वाटचाल

अमेरिकेत लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मुलांसाठी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले. कोणत्या मुलांना विशेष शिकवणीची गरज आहे हे ओळखता यावे म्हणून फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये आपली चाचणी सिद्ध केली. मुलांना वर्गाबाहेर काढण्यासाठी ती केलेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लंडनच्या शिक्षणखात्याने १९१३ मध्ये सिरिल बर्ट यांना नेमले; १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्यात आर्नल्ड गेझेल यांना शालेय मानसतज्ज्ञ या नावाचे पद मिळाले.

आपल्याकडे ही विद्या फार उशिरा आली असे नाही. मुंबईस सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये समाजकार्याचे जे विद्यालय निघाले, त्याने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या चाचणीची मराठी व कानडी मुलांसाठी नवी रचना केली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला आणि बिने-कामत चाचणी हे नाव देशभर रूढ झाले. मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी १९४७ मध्ये आपल्या निधीतून मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. एका समाजाच्या धर्मादाय निधीने हे काम हाती घेतल्याचे ते उदाहरण आपल्यासारख्या संस्थेने विसरू नये. पुण्यास अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते. तिच्या प्रज्ञा मानस संशोधिकेत मराठीतून चाचण्या सिद्ध झाल्या, आणि शालेय मानसशास्त्राचा पदव्युत्तर पदविकाक्रमही तेथे चालविला गेला.

पात्रता ठरवावयाची कोणी?

अमेरिकेत १९५४ मध्ये थेअर परिषद भरली ती याच प्रश्नासाठी. शाळेत काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाचे शिक्षण किती असावे व त्याला मान्यता कोणी द्यावी, याचा तेथे सविस्तर विचार झाला. पुढे १९६९ मध्ये तेथील शालेय मानसतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना निघाली. पदवीनंतर सुमारे तीन वर्षांचे शिक्षण आणि देखरेखीखाली १,२०० तासांची उमेदवारी, त्यांतील निदान ६०० तास प्रत्यक्ष शाळेत, असा तिचा दंडक आहे. ब्रिटनमध्ये २००९ पासून शैक्षणिक मानसतज्ज्ञ हे नाव कायद्याने रक्षिलेले आहे; नोंदणीवाचून ते कोणासही लावता येत नाही.

आपल्या देशातील स्थिती थोडी गुंतागुंतीची आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने चिकित्सा मानसतज्ज्ञ, पुनर्वास मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींची केंद्रीय नोंदवही ठेविली. नोंदणीवाचून ते काम करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. परंतु त्या यादीत शालेय मानसतज्ज्ञ हे नाव नाही. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात मानसतज्ज्ञ हा वर्ग आला, आणि केंद्रीय आयोग व राज्यांच्या परिषदा यांची तरतूद झाली. तेथेही शाळेचा वेगळा उल्लेख नाही. परिणाम असा की, चिकित्सा मानसतज्ज्ञ म्हणवून घ्यावयाचे तर नोंद दाखवावी लागते. शालेय समुपदेशक म्हणून पाटी लावावयाची तर आठवड्याभराचा वर्ग केलेला मनुष्यही ती लावू शकतो. आपल्याकडे हिंदीत म्हणतात ना, नीम हकीम खतरा-ए-जान!

शाळांवरील बंधने मात्र वाढत गेली आहेत. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक सुचविला होता. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०१८ च्या नियमावलीत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांस समुपदेशन-शिक्षक नेमण्यास सांगितले गेले. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, बालविकासातील पदव्युत्तर पदवी, अथवा पदवीबरोबर मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका अशी पात्रता ठरली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा यांच्या खटल्यात निर्देश दिले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याचे शिक्षण घेतलेला निदान एक समुपदेशक, मानसतज्ज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवावा. एका मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले, त्यातून हे निर्देश आले, ही गोष्ट कोणत्याही पालकास अंतर्मुख करील.

शिक्षण कोठे व कसे?

ज्या तरुण-तरुणींना या क्षेत्रात यावयाचे आहे, त्यांनी प्रथम मानसशास्त्राची बी.ए. व एम.ए. करावी. चिकित्सा मानसतज्ज्ञ होण्यासाठी त्यापुढे दोन वर्षांचा पूर्णवेळ, देखरेखीखालील एम.फिल. असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. पदवी बंद झाली आणि या विषयापुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पुनर्वास परिषदेची त्या वर्षाची मान्यताप्राप्त यादी स्वतः पाहिल्याशिवाय प्रवेश घेऊ नये.

शिक्षकांसाठी दुसरी वाट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा डिप्लोमा एक वर्षाचा आहे: सहा महिने घरी राहून अभ्यास, तीन महिने केंद्रावर प्रत्यक्ष शिक्षण आणि तीन महिने उमेदवारी. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था हे त्याचे एक केंद्र राहिले आहे, आणि भोपाळ आपल्याला रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे. हा डिप्लोमा घेतलेला शिक्षक निदान करणारा तज्ज्ञ होत नाही. पण मुलाचे ऐकून घेणे, धोक्याची खूण ओळखणे आणि योग्य जागी पाठविणे हे तो नीट करू शकतो. आपली मर्यादा ओळखणे हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे.

आपल्या मुलांची एक विशेष अडचण

ग्वाल्हेरच्या मराठी मुलाची भाषा घरी एक, गल्लीत दुसरी आणि पुष्कळदा शाळेत तिसरी असते. तानसेनाच्या या गावात ‘राग’ म्हणजे घरी आजोबांचा आणि शाळेत गवयाचा! ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तेथे प्रयत्न व येथे थट्टा. ‘संसार’ म्हणजे तेथे जग व येथे घरप्रपंच. ‘शिक्षा क्यों आवश्यक है?’ या प्रश्नाला एखाद्या लहान मुलाने ‘मस्ती केली म्हणून’ असे उत्तर दिले, तर चूक कोणाची? अप्रशिक्षित परीक्षक तेथे शून्य मांडील. प्रशिक्षित मनुष्य थांबेल आणि प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारून पाहील. चाचणी कोणत्या मुलांवर, कोणत्या साली व कोणत्या भाषेत प्रमाणित केली, हे पाहण्याची सवय पात्र माणसास लागलेली असते. शिक्षणाचा आणि पदवीचा खरा उपयोग अशा क्षणी दिसतो.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार मोजले असून विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यांत आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिचा दाखला आठ वर्षांवरील मुलास मिळे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागे. चुकीच्या माणसाच्या कागदावर असा दाखला मिळत नाही; मुलाचे वर्ष मात्र फुकट जाते.

पालकांनी विचारावयाचे पाच प्रश्न

१. आपली पदवी कोणती, व ती कोणत्या विद्यापीठाची?
२. आपली नोंदणी आहे काय? असल्यास क्रमांक द्यावा.
३. मुलांबरोबर देखरेखीखाली आपण किती काळ काम केले?
४. चाचणी कोणती, कोणत्या भाषेत, आणि ती या मुलास का योग्य?
५. मुलाने सांगितलेल्या गोष्टी कोणाकोणास कळतील?

चांगला तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही. तो आनंदाने उत्तरे देतो. जो रागावेल, त्याच्या हाती मूल सोपवू नये. आणि तातडीचा प्रसंग असेल, मूल जिवाचे बरेवाईट बोलू लागले असेल, तर पदव्या पाहत न बसता रुग्णालय गाठावे. सरकारची १४४१६ ही टेली-मानस दूरध्वनी सेवाही ऑक्टोबर २०२२ पासून चालू झाली आहे.

संस्थेपुढे एक सूचना

महोत्सवाच्या निमित्ताने आमची नम्र सूचना अशी की, आपल्या शिष्यवृत्तींपैकी एक दरवर्षी या शिक्षणासाठी राखून ठेवावी: एक वर्ष एम.ए.च्या विद्यार्थ्यास, एक वर्ष डिप्लोमा करणाऱ्या शिक्षक वा शिक्षिकेस. अट एकच असावी, की शिक्षण पुरे झाल्यावर दोन वर्षे महिन्यातून दोन दिवस त्यांनी संस्थेच्या वास्तूत बसून समाजातील मुलांना व पालकांना वेळ द्यावा. मराठी, हिंदी व इंग्रजी तिन्ही समजणारे असे माणूस बाहेरून आणणे कठीण. घरातून तयार करणे त्या मानाने सोपे.

आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबर कोणताही मानसशास्त्रीय अहवाल आला, तर सही करणाराची पात्रता पाहिल्यावाचून तो विचारात घेऊ नये, असा ठराव कार्यकारी मंडळाने करावा. तो मुलगा शाळेत टिकला तो आमच्यामुळे नव्हे. एका शिक्षिकेच्या जाणतेपणामुळे आणि आईच्या चिकाटीमुळे. पुढच्या मुलाच्या वेळी तरी संस्थेचा हात त्यांच्या हाताबरोबर असावा, एवढीच इच्छा.