चिकूच्या दातांविषयी

चि. ऋता हिस,


तुझा प्रश्न सरळ आहे. चिकूसारख्या दोन वर्षांच्या पॉमेरियनचे दात घरी घासण्याची खरंच गरज असते का, की वर्षातून एकदा डॉक्टरांकडून साफ करून घेतले की भागतं? माझं उत्तरही सरळ आहे. घरीच घासायचे आणि रोज घासायचे. मात्र त्याची कारणं तुला नीट पटली पाहिजेत. कारण न पटता सुरू केलेलं काम आठवडाभर टिकतं, आणि हे काम चिकूच्या आयुष्यभराचं आहे.

कुत्र्याच्या दातांचं दुखणं आपल्यासारखं नसतं. आपल्या दातांना कीड लागते. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते, त्यामुळे कीड त्याच्यात कमी दिसते. पण त्याच लाळेमुळे दातांवर क्षार लवकर बसतात. स्वच्छ दातावर काही तासांतच जिवाणूंचा पातळ, चिकट थर धरू लागतो आणि चोवीस तासांत तो चांगला जम बसवतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. दोन-तीन दिवस कोणी हात लावला नाही तर लाळेतलं कॅल्शियम त्यात मुरतं आणि त्याचं कीटण होतं. उष्ट्या ताटाला लागलेला भात ओला असताना बोटानेही निघतो, वाळल्यावर खरवडावा लागतो, तसंच हे आहे. ओल्या थराला मऊ ब्रश पुरतो, कीटणाला कोणताच ब्रश पुरत नाही. लोक पिवळं-तपकिरी कीटण बघून घाबरतात, पण खरं नुकसान तो जवळजवळ न दिसणारा थर करतो. तो हिरडीच्या कडेखाली शिरतो, हिरडी सुजते, आणि शरीर त्या जिवाणूंशी झगडत असताना दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजत जातं. यालाच आपल्याकडे पायरिया म्हणतात. नुसती हिरडी सुजलेली असेपर्यंत सगळं पूर्ववत होऊ शकतं. गेलेलं हाड मात्र ब्रशने परत येत नाही.

लहान चणीच्या कुत्र्यांना हा त्रास जास्त का, याचं उत्तर जबड्यात आहे. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात असतात. पन्नास-साठ किलोच्या ग्रेट डेनलाही ४२ आणि तीन-चार किलोच्या चिकूलाही ४२. माणसाने निवड करकरून कुत्र्याचं शरीर लहान केलं, पण दात त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. म्हणून छोट्या जबड्यात ते एकमेकांना खेटून, थोडे तिरके उगवतात आणि फटींत अन्न व थर दोन्ही साचतात. त्यातच या जातींत दुधाचे दात, विशेषतः सुळे, वेळेवर पडत नाहीत. नवा सुळा जुन्याला चिकटूनच उभा राहतो. सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे दात येऊन गेलेले असतात, तेव्हा आता चिकूच्या सुळ्याशेजारी दुसरा बारीक सुळा दिसला तर तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. खालच्या जबड्यातल्या पहिल्या मोठ्या दाढेची मुळं लहान कुत्र्यात जबड्याच्या तळाच्या कडेपर्यंत गेलेली असतात. तिथलं हाड पायरियाने पोखरलं तर सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही जबडा मोडू शकतो. मोठ्या कुत्र्याला जी झीज सहन होते ती चिकूला होणार नाही, कारण त्याच्याकडे झिजायला हाडच थोडं आहे.

रोज घासल्याने खरंच फरक पडतो का, याला पुरावा आहे, आणि तो जुना आहे. यान लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बीगल कुत्र्यांना चार वर्षं थर धरेल असं अन्न दिलं होतं. एका गटाचे दात दिवसातून दोनदा घासले, दुसऱ्याचे घासले नाहीत. घासलेल्या गटाच्या हिरड्या चांगल्या राहिल्या. न घासलेल्यांच्या हिरड्या सुजल्या आणि त्यांतल्या बहुतेकांचं हाड झिजत गेलं. बीगल म्हणजे पॉमेरियन नव्हे, असं तू म्हणशील, आणि ते योग्यच आहे. म्हणून २०१४ मधला दुसरा अभ्यास बघ. त्यात ५२ मिनिएचर श्नाउझर होते, म्हणजे लहान चणीचेच. त्यांची आधीपासून नियमित चाललेली दातांची निगा थांबवली आणि साधारण दर सहा आठवड्यांनी, भूल देऊन, एकेक दात तपासला. ६० आठवड्यांत एकच कुत्रा असा उरला की ज्याच्या एकाही दाताला नव्याने पायरिया झाला नाही. वय जितकं जास्त तितका वेग जास्त. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती यातली पुढची नोंद. बिघडलेल्या जागांपैकी जवळपास चौथ्या भागात हिरडीची सूज अगदी किरकोळ होती. म्हणजे ओठ उचलून पाहिलं आणि हिरडी गुलाबी दिसली, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. राहता राहिला प्रश्न किती वेळा घासायचं याचा. २०१५ मध्ये कॉलिन हार्वे आणि सहकाऱ्यांनी रोज, एक दिवसाआड, आठवड्याला आणि पंधरवड्याला घासण्याची तुलना केली. रोज आणि दिवसाआड घासण्याचा गुण स्पष्ट दिसला. आठवड्यातून एकदा घासणं त्यांच्या तुलनेत फिकं पडलं. थर दोन-तीन दिवसांत दगडासारखा होतो हे कळल्यावर यात नवल वाटत नाही. रविवारी एकदाच जोर लावून घासणारा माणूस सोमवार ते शनिवार रोगाला मोकळं रान देतो.

इथेच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. उपाय रोजचा असेल तर तो चिकूच्या मर्जीनेच चालेल. त्याला दाबून धरून एक दिवस घासता येतील, महिनाभर नाही. घाबरलेला लहान कुत्रा ब्रश दिसताच पलंगाखाली जातो, नाहीतर चावतो, आणि मग घरातले म्हणतात, आमचा करूच देत नाही. दोष कुत्र्याचा नसतो, सुरुवातीच्या घाईचा असतो. म्हणून पहिले काही दिवस ब्रश आणूच नकोस. संध्याकाळी फिरून आल्यावर, जेवणाच्या आधी, त्याला मांडीवर तुझ्याकडे पाठ करून बसव. उताणं पाडू नकोस, तोंड आवळून धरू नकोस. एका बाजूचा ओठ हलकेच उचल, बोट दातावरून क्षणभर फिरव, सोड आणि जेवण दे. त्याने मान वळवली तर तू थांब; थांबल्याचं त्याला कळलं पाहिजे. मग बोटाला कुत्र्यांसाठीची चिकनच्या चवीची पेस्ट लाव आणि नुसती चाटू दे. पुढे बोटाला ओलं गॉझचं कापड गुंडाळून घास, आणि तेही अंगवळणी पडलं की लहान बाळांचा अगदी मऊ ब्रश घे. या सगळ्याला तीन-चार आठवडे लागले तरी लागू देत. तेवढ्या दिवसांत दात फारसे स्वच्छ होणार नाहीत, पण पुढची कितीतरी वर्षं हातात येतील.

घासताना तोंड उघडायची गरज नाही. दात मिटलेले असतानाच गाल मागे सारायचा आणि ब्रशचे केस हिरडीच्या कडेशी तिरपे, साधारण ४५ अंशांत धरून बारीक गोल फिरवायचे. सुरुवात वरच्या मागच्या मोठ्या दाढेपासून कर. लाळेची एक नलिका तिच्यासमोरच उघडते, त्यामुळे कीटण तिथे सर्वांत आधी साचतं. आधी तेवढीच एक जागा दोन्ही बाजूंना साधली तरी अर्धं काम झालं असं समज. दाढांची आतली बाजू जीभ बऱ्यापैकी पुसते, म्हणून बाहेरून घासलं की पुरतं असं सगळेच सांगतात, आणि सुरुवातीला ते बरोबरही आहे. पण त्या श्नाउझरांमध्ये बिघडलेल्या दातांपैकी ५४ टक्के पुढचे बारीक दात होते, आणि त्यांची जिभेकडची बाजू जास्त बिघडली होती. म्हणून चिकू पुरता रुळला की तोंड थोडं उघडून त्या पुढच्या दातांच्या मागून दोन-चार वेळा ब्रश फिरवायची सवय त्याला लाव. हे बहुतेकांकडून राहून जातं.

आपली टूथपेस्ट मात्र कधीच वापरू नकोस. कुत्र्याला चूळ भरता येत नाही. लावलेलं सगळं पोटात जातं. फ्लोराइड आणि फेस आणणारे पदार्थ त्याच्यासाठी नाहीत. काही पेस्टमध्ये आणि शुगर-फ्री च्युइंग गममध्ये झायलिटॉल असतं, ते तर विषच. वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम एवढ्यानेही कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते, आणि जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. चिकूच्या वजनाला चिमूटभरही फार होईल. मीठ, खाण्याचा सोडा, लवंगेचं तेल हे घरगुती उपायही नकोत. पेस्ट आवडत नसेल तर नुसत्या पाण्याने घास. थर निघतो तो केसांच्या घर्षणाने. पेस्ट फक्त चव आणते. आणि ऑनलाइन मिळणारी लोखंडी खरवडणी हातात धरू नकोस. कुत्र्याच्या दातावरचं कवच आपल्यापेक्षा पातळ असतं, खरवडल्याने त्यावर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत थर आणखी लवकर बसतो. शिवाय वरचं कीटण निघाल्यावर दात पांढरा दिसतो, पण रोग हिरडीखाली तसाच राहतो.

आता आक्षेप. गल्लीतल्या कुत्र्यांचे दात कोण घासतं, हा प्रश्न तुला घरातूनच ऐकावा लागेल. गल्लीतल्या कुत्र्याचा जबडा लांब आणि दातांना पुरेसा असतो, चिकूचा नसतो. आणि त्या कुत्र्यांना दातांचा त्रास होत नाही हे आपण कशावरून म्हणतो? त्यांच्या तोंडात कोणी पाहिलेलं नसतं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या कवट्यांचा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ते प्राणी शिकार करून, हाडं फोडून जगणारे. त्यांच्याही कवट्यांत पायरियाच्या खुणा आणि मोडलेले दात दोन्ही भरपूर सापडले. हाडूक दिलं की दात आपोआप साफ होतात, या समजाला हे उत्तर पुरेसं आहे. हाडाने वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि शिजवलेलं हाड तर फुटून घशात-आतड्यात टोचतं. चघळायला काही द्यायचंच असेल तर नखाने दाबल्यावर खूण उमटेल इतकं मऊ असावं. अमेरिकेतली व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल अशा वस्तूंच्या चाचण्यांचे निकाल तपासून मगच शिक्का देते. तो शिक्का असलेली च्यू घे, पण तिला ब्रशच्या जोडीला ठेव, ब्रशच्या जागी नको. साध्या कोरड्या दाण्याचंही तसंच. दाताचं टोक लागताच तो फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत पोचतच नाही. दूध-पोळी देऊन दात बिघडले आणि कोरडं खाणं देऊन सुधारले, असं सोपं गणित नाही.

दुसरा आक्षेप भुलेचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. एवढ्याशा जिवाला भूल द्यायची भीती वाटणं स्वाभाविक आहे. म्हणूनच काही ठिकाणी ग्रूमिंगसोबत भूल न देता दात साफ करून देतात, आणि ते सुरक्षित वाटतं. पण जागा असलेला कुत्रा हिरडीखाली अवजार घालू देत नाही, एक्स-रे काढू देत नाही, आणि बिघाड नेमका तिथेच असतो. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेनेही आपल्या दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वांत अशा सफाईला स्पष्ट विरोध केला आहे. तिथले पैसे वाया जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे पांढरे दात बघून मालक निश्चिंत होतो. रक्ततपासणी करून, श्वासनलिकेत नळी घालून, नीट लक्ष ठेवून दिलेली भूल आज बऱ्यापैकी सुरक्षित असते. तरीही ती वारंवार लागू नये असं वाटत असेल तर रोजचा ब्रश हाच त्याचा मार्ग आहे. भूल टाळायची म्हणून दातांकडे दुर्लक्ष करणाऱ्या घरातच शेवटी म्हाताऱ्या कुत्र्याला लांबलचक भूल देऊन दहा-बारा दात काढावे लागतात.

दात घासले नाहीत तर हृदय आणि मूत्रपिंडं जातात, असंही तुला कोणी सांगेल. दोन्ही दुखणी एकत्र आढळतात असं दाखवणारे अभ्यास आहेत. एकामुळेच दुसरं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. त्या भीतीची गरजही नाही. तोंडातली रोजची वेदना हे कारण पुरेसं आहे. कुत्रा ती बोलून दाखवत नाही, दुखऱ्या दाढेनेही जेवत राहतो, आणि आपण त्याला धडधाकट समजतो.

चिकूच्या तोंडाला वास येतो असं तू लिहिलं आहेस. तो कुत्र्यांना असतोच, असं म्हणून सोडू नकोस. निरोगी तोंडाला असा वास येत नाही. म्हणून घासायला लागण्याआधी त्याला डॉक्टरांकडे ने, हिरड्या आणि राहिलेले दुधाचे दात तपासून घे. कीटण असेल तर ते आधी नीट काढून घे, कारण सुजलेल्या, दुखऱ्या हिरडीवर पहिल्यांदा ब्रश फिरला तर चिकू तो कायमचा नाकारेल. या आठवड्यातच वेळ घे आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आत्या