दुसऱ्याच्या मशीनवर बसताना

जामसांवली

चि. बाबू,

सौंसर आणि पांढुर्ण्याच्या पाच-सहा दुकानांच्या मशीनचं काम तू घरून बघणार, हे ताईनं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. एवढी रिमोट डेस्कटॉप कनेक्शनं सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, असं तू विचारलंस. आरडीसीमॅन घे. सुरक्षेतल्या त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टनं तो 2020 मध्ये मागे घेतला होता, 2021 मध्ये नवा काढला, नवाच उतरव. एमरिमोटएनजीही चांगलं आहे, पण त्यात आधी स्वतःचा मास्टर पासवर्ड घाल. मूळचा साऱ्या जगाला ठाऊक आहे.

पण खरी काळजी मला दुकानांमधल्या राऊटरची वाटते. त्यावर रिमोट डेस्कटॉपचा 3389 पोर्ट उघडला की झालं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. मे 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची फट उघड झाली, तेव्हा पासवर्डशिवाय आत शिरता येतं म्हणून मायक्रोसॉफ्टनं 2014 मध्येच वाऱ्यावर सोडलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती दिली होती. पोर्टचा नंबर बदलून भागत नाही, चाचपणारे सगळेच पोर्ट चाचपतात. ज्या दुकानात पोर्ट उघडा असेल तिथं इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4625, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी, शोध. 'ॲडमिन', 'टॅली', 'युजर' अशा नावांनी कोणी ना कोणी रात्रभर दार ठोठावत असतं. आधी व्हीपीएन, मग रिमोट. मालकाला घाई असली तरी हेच.

कनेक्शनांच्या यादीत 'नवीन पीसी', 'सर्व्हर 2' अशी नावं टाकू नकोस. 'पांढुर्णा-औषध-बिलिंग' असं लिही, आणि बीजीइन्फो या छोट्या सॉफ्टवेअरनं तेच नाव त्या मशीनच्या वॉलपेपरवर मोठ्या अक्षरात उमटव. चार डेस्कटॉप पूर्ण स्क्रीनवर उघडे असले की सगळे सारखेच दिसतात, आणि एकाची फाईल दुसऱ्याकडे पुसली जाते. लोकल रिसोर्सेसमधली ड्राइव्हची खूण काढून ठेव. नाहीतर एका दुकानातला व्हायरस तुझ्या मशीनवरून बाकीच्यांकडे जाईल.

वरची फुली दाबली म्हणजे काम संपलं असं नाही. सेशन आत चालूच राहतं. मंगळवारी-शनिवारी इथल्या मंदिरात गर्दी झाली की मोबाईल नेट रांगतं, माझं कनेक्शन तुटतं, तेव्हा याच गुणामुळे अर्धवट काम जागेवर सापडतं. पण रोज फुली मारून उठलास तर टॅली उघडीच राहील. विंडोज सर्व्हरवर साध्या परवान्यात एकावेळी दोघांनाच बसता येतं. अशी सोडलेली सेशनं दुसऱ्याची जागा अडवतील. साइन आउट करूनच ऊठ.

रीस्टार्टचं नीट ऐक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमारीचा, म्हणजे दगडफेकीचा मेळा, सारा गाव जाम नदीवर. मशीनं मोकळी आहेत, अपडेट टाकून घेऊ, असं तुझ्या मनात येईल. टाकू नकोस. मशीन परत उठलं नाही तर शटर उघडून बटण दाबायला त्या दिवशी कोण येणार? दुकान मिटायच्या अर्धा तास आधी, मालक गल्ल्यावर असताना, फोन कानाला लावून रीस्टार्ट दे. तो 'आलं, आलं' म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस. लाईट गेली-आली तर मशीन आपोआप सुरू व्हावं ही सोय बायोसमध्ये असते. पहिल्याच भेटीत ती लावून ये.

आणि न सांगता कोणाच्या मशीनवर बसू नकोस. साध्या विंडोज प्रोवर तू आत गेलास की समोर बसलेल्याचा पडदा लॉक होतो, बिल अर्धवट राहतं, गिऱ्हाईक खोळंबतं. 2019 च्या फेब्रुवारीत एनीडेस्क या रिमोट ॲपवरून बँकेची खाती रिकामी होतात असा इशारा रिझर्व्ह बँकेनं दिला होता, तेव्हापासून लोक बिचकून आहेत, आणि ते बरोबरच आहे. मालकाला सांगून ठेव, की तुझ्या नावानं कोणी कोड मागितला तर आधी तुला फोन लावायचा.

या रविवारी राऊटर घेऊन इकडेच ये. व्हीपीएन मी समोर बसून लावून देतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा